लाईट जाऊन आल्यावर जीसी-एमएस ट्यून होत नाही, पीसीशी बोलतही नाही : बोर्ड बदलायच्या आधी हे बघा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. कॉलेजातलं १३ वर्षं जुनं सिंगल क्वाड जीसी-एमएस, म्हणजे जीसीत नमुन्यातले घटक वेगळे करून एमएसमध्ये त्यांचं वस्तुमान (मास) मोजणारं मशीन, त्याला विंडोज ७ चा पीसी. जुलैमध्ये ट्रान्सफॉर्मर उडाला, तीन दिवस लाईट नाही, यूपीएस तासाभरात झोपला. लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर ऑटोट्यून (मशीन स्वतःची जुळणी करतं ते) फेल, मास २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) ढिगाने. शिवाय दिवसातून चार-पाच वेळा सॉफ्टवेअर म्हणतं इन्स्ट्रुमेंट कनेक्टेड नाही आणि सिक्वेन्स (रांगेत लावलेले नमुने) अर्ध्यात मरतो. पीसीची तारीख एकदा २०१० ची झाली होती. सर्व्हिसवाला येऊन गेला, म्हणाला मेन बोर्ड गेलाय, जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळणार नाही, नवीन मशीनचं बघा. आयटीवाला म्हणतो विंडोज जुनं आहे, ११ टाकून देतो. आणि तुम्ही विचारताय की दोघांपैकी कोणाचं ऐकू.

कोणाचंच नको, निदान या आठवड्यात तरी. कारण प्रश्नात दोन वाक्यं तुम्ही सहज जाता जाता लिहून गेलात. एक, जुना नेटवर्क स्विच लाईटच्या भानगडीत जळाला म्हणून आयटीच्या मुलाने त्या जागी वायफाय राउटर लावून दिला. दुसरं, रविवारी तुम्ही एकट्याच लॅबमध्ये होतात तेव्हा दिवसभरात कनेक्शन एकदाही तुटलं नाही. माझ्या मते निम्मं उत्तर या दोन वाक्यांतच आहे, पण ते जरा नंतर, आधी हवेचं बघू.

आधी बोर्डाची शंका काढून टाकू. तुमच्या मशीनमध्ये स्पेक्ट्रम दिसतोय, २८ आणि ३२ ची उंची वाचता येतेय, म्हणजे फिलामेंट (आयन तयार करणारी तार) पेटतंय, क्वाडला (मासप्रमाणे आयन गाळणाऱ्या चार दांड्यांना) आरएफ व्होल्टेज मिळतंय, डिटेक्टर मोजतोय आणि आकडे पीसीपर्यंत पोचतायत. हे सगळं ज्या बोर्डावरून जातं तो बोर्ड मेलेला असता तर तुम्हाला नुसती सपाट रेघ दिसली असती, किंवा काहीच नाही. बोर्ड नायट्रोजन तयार करत नाही हो. नायट्रोजन बाहेरून येतोय, त्याला वाट कुठून मिळाली ते शोधायचं.

मॅन्युअल ट्यूनमध्ये जा, कॅलिब्रंटचा (जुळणीसाठी मशीनमध्ये ठेवलेल्या पीएफटीबीए या रसायनाचा) व्हॉल्व्ह उघडा आणि १८, २८, ३२, ४० आणि ६९ हे पाच मास एकत्र बघा. ६९ हा पीएफटीबीएचा, १८ पाण्याचा, बाकी हवेचे. ६९ ला १०० धरलं तर १८ वीसच्या आत आणि २८ दहाच्या आत असावा हा आमचा रोजचा अंदाज, वीस-पंचवीस असेल तर फार घाबरायचं कारण नाही पण २८ जर ६९ च्या डोक्यावरून जात असेल तर गळती मोठी आहे. मग २८ आणि ३२ चं प्रमाण बघा. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आर्गॉन एकाच्या आसपास. म्हणजे २८ हा ३२ च्या साधारण चौपट आणि त्यांच्या मागे ४० चा छोटासा पीक असा तिघांचा गट दिसला की ती हवाच. २८ एकटाच उंच आणि ३२ नाहीच असं असेल तर मात्र कॅरिअर गॅसकडे (नमुना पुढे वाहून नेणाऱ्या गॅसकडे) बघावं लागतं, सिलिंडर कोणता लावलाय, कधी बदलला वगैरे. तुमच्याकडे दोन्ही आहेत, तेव्हा हवा.

आता एक गोष्ट जी पावसाळ्यात खूप लोकांना चकवते. तीन दिवस मशीन बंद, व्हॅक्यूम गेलेला, आत जुलैची दमट हवा शिरून बसलेली. त्या मॅनिफोल्डच्या (व्हॅक्यूमच्या डब्याच्या) भिंतींवर पाणी चिकटून बसतं आणि ते पंप केल्यावर लगेच निघत नाही. पावसाळ्यात दोरीवर घातलेली जीन्स जशी दोन-दोन दिवस ओलसरच लागते तसं. म्हणून मी काय सांगतो, सोर्स (आयन तयार होतात ती जागा) आणि क्वाड नेहमीच्या तापमानाला ठेवा, ट्यून मारू नका, आणि दर तासाला १८ आणि २८ चे आकडे वहीत लिहा. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ सात आकडे होतील. १८ हळूहळू उतरत जाईल, ते वाळणं आहे, त्याला रात्रभर वेळ द्या. पण २८ जर तिथेच अडून बसला असेल, सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी, तर ती गळती, कितीही वाट बघितली तरी जाणार नाही. पाणी संपतं, हवा संपत नाही. हे सात आकडे कोणाही सर्व्हिसवाल्यासमोर ठेवले की तो बोर्डाचं नाव काढायच्या आधी दोन मिनिटं थांबतो, स्वानुभव.

गळती कुठे, जीसीच्या बाजूला की एमएसच्या, हे पाना हातात न घेता कळतं. कॉलमचा, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीचा, फ्लो बदलून बघा. १ मिलीवरून १.५ केला आणि २८ पण त्याच हिशोबात वर गेला तर हवा कॅरिअर गॅसबरोबर कॉलममधून येतेय, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर, गॅस लाईन, फिल्टर तिकडे बघायचं. फ्लो बदलूनही २८ ढिम्म हलला नाही तर हवा थेट व्हॅक्यूमच्या बाजूने शिरतेय. तुमच्या केसमध्ये माझी पैज दुसऱ्यावर आहे, आणि त्यातही ट्रान्सफर लाईनच्या (कॉलम जीसीतून एमएसमध्ये नेणाऱ्या गरम नळीच्या) नटवर. का ते सांगतो.

त्या नटमध्ये जो फेरूल (कॉलमभोवती घट्ट बसणारी छोटी रिंग) असतो तो बहुतेक ठिकाणी ग्राफाइट-वेस्पेलचा, म्हणजे ८५ टक्के वेस्पेल (उष्णता सोसणारं प्लास्टिक) आणि १५ टक्के ग्राफाइट. चांगला फेरूल आहे, कॉलमला घट्ट धरतो, ग्राफाइटसारखा चुरा करून सोर्समध्ये पाठवत नाही. पण त्याची एक खोड आहे, तापला आणि गार झाला की आकसतो. नवीन लावल्यावर चार-पाच वेळा ओव्हन वरखाली झाला की नट ढिला होतो आणि परत आवळावा लागतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगतात आणि आम्ही ग्राहकाला सांगायला विसरतो. तुमची ट्रान्सफर लाईन वर्षभर २८० डिग्रीला बसलेली होती, कधी गार झालीच नाही, आणि मग लाईट गेल्यावर तीन दिवसांत लॅबच्या तापमानाला आली. फेरूल आकसला, मशीन परत तापलं, तो पहिल्यासारखा बसला नाही. मी पाहिलेल्या लाईट गेल्यानंतरच्या गळत्यांपैकी बहुतेक त्या एका नटवर सापडल्यात.

खात्री करायला आर्गॉन. तुमच्या डिपार्टमेंटला इनॉर्गॅनिकवाल्यांकडे किंवा आयसीपीवाल्यांकडे आर्गॉनचा सिलिंडर असणारच. त्याला बारीक नळी, टोकाला सिरिंजची सुई, फ्लो अगदी हळू, ओठांवर धरली तर जेमतेम जाणवेल एवढा. मॅन्युअल ट्यूनमध्ये फक्त मास ४० लावून ठेवा आणि सुई एकेका जोडाजवळ पाच-पाच सेकंद धरा. आर्गॉन हवेपेक्षा जड, खाली पडतो, म्हणून खालच्या जोडापासून सुरू करून वर या, उलट केलंत तर वरच्या जोडाला मारलेला गॅस खालच्या गळतीत शिरून तुम्हाला फसवेल. जिथे ४० एकदम उडी मारेल तिथे थांबा. एमएसच्या बाजूची गळती असेल तर उडी लगेच दिसते, सेकंद-दोन सेकंदात. इंजेक्टरच्या बाजूला असेल तर ते सगळं कॉलममधून प्रवास करून येणार, ३० मीटरचा कॉलम असेल तर मिनिटभर तरी, कधी जास्त. म्हणून घाई करून पुढच्या जोडाकडे जाऊ नका. आर्गॉन नसेल तर कीबोर्ड साफ करायचा तो डस्टर स्प्रे चालतो, ज्याच्या डब्यावर टेट्राफ्लोरोइथेन लिहिलेलं असतं तो, मास ८३ बघायचा, ६९ नको कारण ६९ कॅलिब्रंटचा पण असतो. ॲसिटोनचा बोळा फिरवणारे लोक मी बघितलेत, ५८ वर दिसतं हेही खरं, पण गरम ट्रान्सफर लाईनजवळ ॲसिटोन नको, एवढं ऐका.

सापडल्यावर पाव फेऱ्याहून जास्त आवळू नका. आवळून थांबलं तर ठीक, नाही थांबलं तर मशीन रीतसर व्हेंट करून (व्हॅक्यूम सोडून) नवीन फेरूल टाका, कॉलमचं टोक नीट कापून. जोर लावून जुनाच आवळत राहिलात तर कॉलम नटमध्येच तुटतो आणि मग तो तुकडा टाचणीने काढत बसावं लागतं.

याच्याआधी एकदा पंपाकडे पण बघून घ्या, ओणवं व्हायला लागतं म्हणून कोणी बघत नाही. रफिंग पंपाच्या (खालच्या तेलवाल्या व्हॅक्यूम पंपाच्या) काचेतून तेल दिसतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, रंग जेमतेम पिवळसर. कोऱ्या चहासारखं झालं असेल तर बदला, दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी गेलंय, पावसाळ्यात बंद पडून असलेल्या पंपात हे होतं, तेही बदला. सहा महिन्यांनी तेल बदलायचं असतं, पंपावर स्टिकर असतो, त्यावरची शेवटची तारीख वाचून लाजायची वेळ बहुतेक लॅबवर येते. आणि साईड प्लेटच्या ओ-रिंगवर केस किंवा धागा आहे का बघा, एवढासा केस पुरतो. टर्बो (मुख्य व्हॅक्यूम पंप) पूर्ण स्पीडला आला म्हणजे गळती नाही असं समजू नका, बारीक गळती तो निमूट ओढत राहतो.

तोवर एक काम अजिबात करू नका, परत परत ऑटोट्यून. ट्यून फेल झाला की लोक परत बटण दाबतात, परत फेल, परत दाबतात, लिफ्टचं बटण असल्यासारखं. प्रत्येक वेळी तापलेलं फिलामेंट ऑक्सिजनमध्ये जळतं आणि ट्यून सिग्नल मिळवायला डिटेक्टरचा व्होल्टेज वर वर नेत राहतो. गळती एका फेरूलची असते आणि नंतर बिल फिलामेंट आणि मल्टिप्लायरचं (डिटेक्टरचं) येतं. ओव्हन पण गरम करू नका, गरम कॉलममध्ये ऑक्सिजन गेला की आतला थर उडतो आणि मग २०७ आणि २८१ चे ब्लीडचे (कॉलममधून सुटणाऱ्या थराचे) पीक कायमचे सोबतीला.

गळती गेली, पाणी उतरलं की मग एकदाच ट्यून. रिपोर्टमध्ये 'पास' एवढंच बघून फाईल करू नका, आयसोटोपचे आकडे बघा. कार्बन १३ हा कार्बनच्या १.१ टक्के, म्हणजे ६९ मध्ये एक कार्बन म्हणून ७० हा ६९ च्या साधारण एक टक्का, २१९ मध्ये चार कार्बन म्हणून २२० चार टक्क्यांच्या जरा वर, ५०२ मध्ये नऊ म्हणून ५०३ दहा टक्क्यांच्या आसपास. हे तीन आकडे जागेवर असतील तर मशीन रिझोल्यूशनच्या बाबतीत खोटं बोलत नाहीये, वय तेरा असो की तेवीस. आणि डिटेक्टरचा व्होल्टेज जुन्या रिपोर्टशी ताडून बघा, लाईट जायच्या आधीच्या. तीन हजारच्या जवळ पोचला असेल तर मल्टिप्लायरचा खर्च येत्या वर्षात धरून ठेवा.

आता रविवार.

तुमचं मशीन लॅन केबलवर बोलतं, त्याला इन्स्टॉलेशनच्या वेळी कोणीतरी एक ठराविक आयपी पत्ता दिलेला आहे आणि पीसीला त्याच गल्लीतला दुसरा. जुना स्विच मुका होता, इकडची वायर तिकडे जोडायचा, कोणाला पत्ते वाटायचा नाही. राउटर आला तो पत्ते वाटणारा. लॅबमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला तो एकेक पत्ता देतो, आणि तुमच्या मशीनचा पत्ता आधीच कोणाचा तरी आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. मग एखाद्या दिवशी एमएस्सीचा एखादा मुलगा येतो, वायफायचा पासवर्ड त्याला माहीत असतोच, आणि त्याच्या मोबाईलला नेमका मशीनचा पत्ता मिळतो. पीसी हाक मारतो मशीनला, ओ देतो मोबाईल, किंवा कधी हा कधी तो. सॉफ्टवेअर म्हणतं कनेक्शन तुटलं. मुलगा चहाला गेला की सगळं परत नीट. रविवारी मुलं नाहीत, मोबाईल नाहीत, मशीन सुरळीत. सर्व्हिसवाला सकाळी साडेनऊला आला असेल तर त्याला तुटताना दिसलं पण नसेल.

अंदाजावर जाऊ नका, पाच मिनिटांत तपासता येतं. आधी सगळं नीट चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये मशीनच्या पत्त्याला पिंग करा आणि लगेच एआरपी मायनस ए (arp -a) लिहा. यादीत त्या पत्त्यासमोर बारा अक्षरांचा एक फिजिकल ॲड्रेस दिसेल, तो मशीनचा खरा आधार नंबर, वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी कनेक्शन तुटलं की काहीही रीस्टार्ट न करता तेच परत करा. बारा अक्षरं बदललेली दिसली तर मशीनच्या घरात दुसरं कोणी राहायला आलंय. अजून पक्कं करायचं असेल तर गर्दीच्या वेळी मशीनची लॅन केबल मशीनच्या बाजूने काढा, दोन-चार मिनिटं थांबा आणि पिंग करा. केबल काढलेली असताना मशीनच्या पत्त्यावरून उत्तर आलं तर आता काय अजून पुरावा हवा. काही मोबाईल पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून उत्तर आलं नाही तरी एआरपीची यादी बघाच.

अक्षरं बदलली नाहीत तर माझा तर्क चुकला, तेही होतं. मग राउटर लावल्यावर विंडोज ७ ने विचारलं असेल, होम, वर्क की पब्लिक, आणि कोणीतरी पब्लिक दाबलं असेल तर फायरवॉल मध्ये आडवी येते. लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीत पॉवर मॅनेजमेंट मध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी असलेली टिक असते, ती काढा. स्लीप बंद, हायबरनेट बंद. अँटिव्हायरस असेल तर डेटाच्या फोल्डरला त्याच्यातून सूट द्या, नाहीतर चालू रनची फाईल तो मध्येच उघडून बघतो आणि ॲक्विझिशन अडकतं. केबलचा प्लग खटकन बसतो का बघा, तो प्लास्टिकचा काटा तुटलेली केबल निम्म्या लॅबमध्ये असते.

उपाय मात्र एकच आणि स्वस्त. पीसीत दुसरं लॅन कार्ड टाका. एका कार्डातून केबल थेट मशीनला, किंवा जीसी आणि एमएसच्या दोन वेगळ्या केबल असतील तर मधे एक साधा मुका स्विच, पाच पोर्टचा. त्या कार्डाला ठराविक पत्ता, गेटवे रिकामा, डीएनएस रिकामा. त्या स्विचला तिसरी कुठलीही वायर लागणार नाही, त्यावर मार्करने लिहून ठेवा, कारण सुट्टीनंतर कोणीतरी प्रिंटर तिथेच खोचतो. राउटर उचलून स्टाफरूममध्ये द्या, तिथे त्याचं कौतुक होईल.

तारखेचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. मदरबोर्डवर एक नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, पन्नास रुपयांच्या आत. तो कधीचाच मेलेला असणार, पीसी वर्षानुवर्षं चालूच असल्यामुळे कळलं नाही, तीन दिवस वीज तोडली तेव्हा उघडं पडलं. बदला, पण बदलायच्या आधी बायोसच्या (पीसीच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः हार्ड डिस्कचा मोड आयडीई आहे की एएचसीआय ते, कारण तो डिफॉल्टला जाऊन बदलला की विंडोज निळा पडदा दाखवतं आणि लोक समजतात डिस्क गेली. तुमचं कॉलेज आहे म्हणून एवढ्यावर निभावतं. फार्मा लॅबमध्ये हेच झालं असतं तर तारीख गुपचूप दुरुस्त करून चालत नाही, तिथे २१ सीएफआर पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम) आणि ऑडिट ट्रेल आहे, आधी क्यूएला (गुणवत्ता विभागाला) कळवायचं, नोंद करायची, मग हात लावायचा. २०१० च्या तारखेची रन फाईल ऑडिटरला दिसली तर तो त्याच्यावरच दिवस काढेल.

विंडोज ११ टाकू नका. आयटीवाल्याचं म्हणणं चूक नाहीये, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसच्या पीसीसाठी तो बरोबर बोलतोय. पण हा पीसी म्हणजे मशीनचाच एक पार्ट आहे, ऑफिसचा पीसी नाही. तुमचं ॲक्विझिशन सॉफ्टवेअर ज्या विंडोजसाठी बनलं त्यावरच त्याचे ड्रायव्हर चालतात, नवीन विंडोजसाठी नवीन व्हर्जन, नव्या व्हर्जनला नवीन लायसन्स, आणि नवं व्हर्जन तुमचं जुनं मॉडेल ओळखतं की नाही हे आधी लेखी विचारल्याशिवाय सीडी आत घालायची नाही. मी अजून एक्सपीवर चालणारी मशीन सांभाळतो, जीपीआयबी या जुन्या जोडणी कार्डवाली, आणि ती छान चालतात.

फक्त त्यांना इंटरनेट दाखवायचं नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय (फाईली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा त्याचा पॅच मार्चमध्येच निघालेला होता, तरी ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले, सगळ्यात जास्त विंडोज ७ वालेच. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत नुसते ऑफिसचे पीसी नाही, एमआरआय स्कॅनरसुद्धा बंद पडले होते. त्याने कोणाला ईमेल उघडायला लावलं नाही, एकाच नेटवर्कवर असणं पुरलं. तुमचा मशीनचा पीसी आणि मुलांचे लॅपटॉप आज एकाच राउटरवर आहेत, विचार करा. डेटा बाहेर काढायला एक ठरलेला पेनड्राईव्ह ठेवा, तो आधी दुसऱ्या पीसीवर स्कॅन करून मगच इकडे, आणि मुलांच्या खिशातले पेनड्राईव्ह बंद. लॅबमधल्या मामांना सांगून ठेवलंत तर ते तुमच्यापेक्षा कडक पाळतील.

आणि एक काम उद्याच करा, बाकी सगळं नंतर. १३ वर्षांची हार्ड डिस्क आहे, लाईटचे धक्के खाल्लेली. ती जाईल तेव्हा मशीन शाबूत राहून तुम्ही भंगारात निघाल, कारण इन्स्टॉलेशनची सीडी सापडणार नाही आणि लायसन्सचा कागद ज्या सरांच्या फाईलमध्ये होता ते रिटायर झालेत. क्लोनझिला नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राईव्हवरून चालू होतं, पूर्ण डिस्कची जशीच्या तशी इमेज बाहेरच्या डिस्कवर काढतं. दोन-तीन तासांचं काम. मग ती इमेज एका नवीन एसएसडीवर उतरवा, पीसीत जुनी काढून नवी लावा, आणि मशीन कनेक्ट करून एक रन मारून बघा. हे शेवटचं लोक करत नाहीत. कपाटात 'बॅकअप' लिहिलेली डिस्क असते आणि ती कधीच चालू करून बघितलेली नसते. चालली तर नवीन डिस्कवरच काम चालू ठेवा, जुनी कपाटात. त्याबरोबर ट्यून फाईल, मेथड, सॉफ्टवेअरमधल्या लायसन्सच्या पानाचा फोटो आणि दोन्ही लॅन कार्डांचे पत्ते, सगळं एका पाकिटात. डोंगल असेल, पीसीच्या मागे खोचलेला तो छोटा ठोकळा, तर त्याचाही फोटो काढा आणि तो काय आहे ते लिहून चिकटवा, सफाईत तो गेलेला मी एकदा बघितलाय.

अर्थिंगचं पण सांगतो, जरा विषयांतर आहे. मराठवाड्यातल्या एका लॅबमध्ये मे महिन्यात बोलावलं होतं, बेसलाईनवर काटे, दिवसातून दोनदा कम्युनिकेशन एरर, आधीच्या माणसाने दोन बोर्ड बदलून झालेले. मला पण पहिले चार तास काही सापडलं नाही, खरं सांगतो. मग कंटाळून सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये ११ व्होल्ट. असायला हवेत दोनच्या आत. मागच्या बाजूला गेलो तर अर्थिंगच्या खड्ड्याची माती भेगाळलेली, झाकणावर कोणीतरी सायकल लावलेली. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने मीटर दीडवर. एरर गेली. तिथल्या मॅनेजरांनी विचारलं रिपोर्टमध्ये काय लिहू, म्हटलं लिहा, पार्ट बदलला, पाणी. तुमच्याकडे सध्या पाऊस आहे त्यामुळे खड्डा ओला असेल, पण ट्रान्सफॉर्मर नवीन बसलाय म्हणता, तर जोडणी नीट झाली का हे एकदा मोजाच, इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन.

खाली कोणीतरी एलसी-एमएसचं (गॅसऐवजी द्रवात घटक वेगळे करणाऱ्या मशीनचं) विचारलंय, त्यांच्यासाठी दोन ओळीत. तिथे हवेऐवजी घाण बोलते. ४४ च्या अंतराने पीक असतील तर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), साबण किंवा डिटर्जंटने धुतलेली काच बघा. ३९१ म्हणजे थॅलेट, प्लास्टिक. ४४५ आणि ३७१ म्हणजे सिलोक्सेन, बऱ्याचदा लॅबच्या हवेतूनच येतो. आणि सिग्नल दुपारनंतर पडत असेल तर स्प्रे साफ करत बसायच्या आधी नायट्रोजन जनरेटरच्या कॉम्प्रेसरचा फिल्टर बघा, तो बाहेर गॅलरीत उन्हात ठेवलेला असतो आणि सगळे विसरलेले असतात. बाकी वेगळा प्रश्न टाका, इथे गर्दी नको.

मॅडम, सर्व्हिसवाल्यावर चिडू नका. त्याला दिवसात तीन लॅब असतात, तासाभरात काहीतरी सांगून निघायचं असतं, मी पण त्या बॅगेसकट फिरलोय आणि मी पण एकदा एका ठिकाणी चांगला बोर्ड बदलून आलोय, नंतर कळलं गळती सेप्टमची (इंजेक्टरच्या रबरी टिकलीची) होती. त्याला परत बोलावलंत तर फक्त हे पुढे ठेवा: १८ आणि २८ चे सात-सात आकडे, फ्लो बदलल्यावर २८ ने काय केलं ते, आणि कनेक्शन चालू असतानाची आणि तुटल्यावरची एआरपीची यादी. तेच मला इथे लिहा. फेरूल मागवताना कॉलमचा आतला व्यास सांगायला विसरू नका, ०.२५ आणि ०.३२ चे फेरूल वेगवेगळे असतात आणि दुकानदार विचारत नाही, जो हाताला लागेल तो पाठवतो.